स्टाफला अंतराळाच्या विषयात अपडेट ठेवायचं आणि मुलांना खरंच गुंतवायचं, तुम्ही कसं करता?

आकाशवेडी_टीचर

नमस्कार मंडळी. मी सहावी ते नववीला विज्ञान शिकवते. या वर्षीपासून शाळेतलं अंतराळ विज्ञानाचं काम माझ्याकडे आलंय. म्हणजे दोन गोष्टी, एक तर सगळ्या स्टाफला या विषयात काय चाललंय ते कळत राहील असं बघायचं, आणि दुसरं म्हणजे मुलांना यात ओढायचं, पण नुसतं एका दिवशी रॉकेटची चित्रं काढून घेतली आणि झालं असं मला नकोय.

अडचण अशी की मी स्टाफच्या ग्रुपवर लिंका टाकते, सगळे बघतात, पुढे काहीच होत नाही. भाषेच्या, पीटीच्या, चित्रकलेच्या शिक्षकांना वाटतं हा सायन्सवाल्यांचा विषय. पण "मंगळ आज रात्री चंद्राएवढा दिसणार" असला फॉरवर्ड आला की तो मात्र दुसऱ्या दिवशी वर्गात पोचलेला असतो, मुलं धावत माझ्याकडे येतात आणि ज्यांनी सांगितलं त्यांचा मान राखून खरं काय ते सांगायचं म्हणजे फार जड जातं हो.

मुलांचं म्हणाल तर उत्साह भरपूर आहे. चंद्रयान-३ उतरलं तेव्हा, २३ ऑगस्ट २०२३ ला, सगळी मुलं वेडी झाली होती, पण महिन्याभराने विक्रम आणि प्रज्ञान यातलं लँडर (चंद्रावर उतरणारं यान) कोण आणि रोव्हर (तिथे फिरणारी गाडी) कोण विचारलं तर निम्मा वर्ग गप्प. हा उत्साह टिकवायचा कसा हा माझा खरा प्रश्न. दुर्बीण नाहीये, प्रोजेक्टर कधी मिळतो कधी नाही, आणि पोर्शन तर संपवायचाच आहे. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

---

नकाशे_आणि_मी

मॅडम, मी भूगोलवाला, त्यामुळे माझं सगळं पृथ्वीगोलापासून सुरू होतं. तुमच्याकडे ३० सेंटिमीटरचा पृथ्वीगोल असेलच, बहुतेक शाळांत तोच असतो. तो टेबलावर ठेवा आणि मुलांना विचारा, या मापात चंद्र केवढा आणि किती लांब? साधारण सगळे एक हात लांब दाखवतात कारण पुस्तकातल्या चित्रात तो तेवढाच दिसतो. खरं माप काढलं तर चंद्र ८ सेंटिमीटरचा चेंडू आणि अंतर ९ मीटर, म्हणजे एक मुलगा चेंडू घेऊन वर्गाच्या दाराबाहेर व्हरांड्यात जातो. मग विचारायचं की स्पेस स्टेशन कुठे? ते पृथ्वीपासून साधारण ४०० किलोमीटरवर, म्हणजे गोलाच्या पृष्ठभागापासून जेमतेम १ सेंटिमीटर! इथे मुलांचे डोळे मोठे होतात, आणि खरं सांगायचं तर शिक्षकांचेही. जीपीएसचे उपग्रह याच मापात ४७-४८ सेंटिमीटरवर येतात आणि टीव्हीसाठी वापरतात ते भूस्थिर उपग्रह ८४ सेंटिमीटरवर. सूर्य करायचा तर ३३ मीटर व्यासाचा गोळा साडेतीन किलोमीटर लांब ठेवावा लागेल, तो नकाशावरच दाखवायचा.

आता तुमच्या मंगळाच्या फॉरवर्डचं उत्तर पण यातच आहे. तो मेसेज २००३ पासून फिरतोय. त्या वर्षी २७ ऑगस्टला मंगळ खरंच हजारो वर्षांत आला नव्हता इतका जवळ आला होता, ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर. मूळ मेसेजमध्ये म्हटलं होतं की ७५ पट मोठं करणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. पुढे दुर्बिणीचा भाग गळून पडला आणि राहिला तो नुसता चंद्राएवढा मंगळ. आपल्या मापात मंगळ म्हणजे १६ सेंटिमीटरचा चेंडू आणि तो सगळ्यात जवळ असताना सुद्धा १३०० मीटर लांब. ९ मीटरवरचा ८ सेंटिमीटरचा चेंडू आणि १३०० मीटरवरचा १६ सेंटिमीटरचा चेंडू, कुठला मोठा दिसेल हे मुलं स्वतःच सांगतात आणि कोणाला खोटं पाडायची वेळच येत नाही.

मी तर म्हणेन हा खेळ मुलांच्या आधी स्टाफ मीटिंगमध्ये घ्या. पाच मिनिटं लागतात. दहा लिंका पाठवून जे होत नाही ते होतं.

---

सावलीवाले_गणित_सर

वरच्या सरांशी सहमत, फक्त एक भर घालतो. मुलांना माहिती खूप मिळते हल्ली, कुठल्याही मुलाकडे व्हिडिओ आहेत, त्यामुळे शाळेने अजून माहिती ओतून काही होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. मुलांनी स्वतः काहीतरी मोजलं पाहिजे. आणि मोजायला दुर्बीण लागत नाही, एक काठी पुरते.

एराटोस्थेनिस या प्राचीन ग्रीक विद्वानाचा प्रयोग करा. त्याने सावलीच्या कोनातला ७.२ अंशांचा फरक घेतला, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग, आणि दोन शहरांतल्या अंतराला ५० ने गुणून पृथ्वीचा परीघ काढला, तोही दोन हजार वर्षांपूर्वी. तुम्ही दुसऱ्या एका शाळेशी जोडी लावा, पण ती शाळा उत्तरेला किंवा दक्षिणेला लांब पाहिजे, पूर्वेला पश्चिमेला असून उपयोग नाही. दोन्हीकडे एकाच दिवशी १ मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करायची आणि सगळ्यात छोटी सावली मोजायची. लक्षात ठेवा, सगळ्यात छोटी सावली घड्याळात बारा वाजता पडेलच असं नाही, म्हणून साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी खूण करत राहायचं आणि सावली पुन्हा वाढायला लागेपर्यंत थांबायचं नाही. मग कोनातला फरक काढा, दर अंशाला उत्तर-दक्षिण साधारण १११ किलोमीटर यायला हवेत. शाळा ५०० किलोमीटर लांब असली तर फरक साडेचार अंशांच्या आसपास येतो, तेवढा नववीची मुलं आरामात पकडतात. उत्तर १० टक्के चुकलं तर मी खूश असतो, कारण मग चूक कुठून आली यावर खरी चर्चा होते, काठी वाकडी होती की जमीन उतरती होती की सावलीची कड धूसर होती.

यात त्रिकोणमिती पण होते, त्यामुळे पोर्शनची तक्रार कोणी करत नाही.

अजून एक, चंद्रयान-३ चं म्हणालात म्हणून. त्यातल्या चास्ते नावाच्या उपकरणाने चंद्राच्या मातीत वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजलं आणि इस्रोने तो आलेख उतरल्यावर काही दिवसांतच प्रसिद्ध केला. वर ५० अंशांच्या आसपास आणि अवघ्या ८ सेंटिमीटर खाली उणे १०! मी तो आलेख आठवीला वाचायला देतो, अक्षावर काय आहे, उतार कसा आहे, एवढंच विचारतो. मग ही माती उष्णता इतकी अडवते कशी हा प्रश्न मुलंच काढतात. उत्साह टिकत नाही म्हणता ना, बातमीनंतर मुलांच्या हातात त्याच यानाचा डेटा दिला तर टिकतो.

---

रात्रपाळी_निरीक्षक

मी शिक्षक नाही, हौशी आकाशनिरीक्षक आहे, शाळांमध्ये जाऊन कार्यक्रम घेतो. दोन-तीन गोष्टी सांगतो.

पहिलं म्हणजे शाळेच्या वेळात आकाश दिसत नाही हा समज आधी काढून टाका. कृष्ण पक्षात सकाळच्या वेळी चंद्र पश्चिमेला छान दिसतो आणि शुद्ध अष्टमीच्या आसपास दुपारी पूर्वेला. अशा दिवशी ऊन असताना मुलांना मैदानात न्या, प्रत्येकाच्या हातात एक पांढरा चेंडू द्या आणि हात लांब करून तो चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असा धरायला सांगा. चेंडूवर तीच कला दिसते जी चंद्रावर दिसतेय! एकच सूर्य दोघांवर प्रकाश टाकतोय हे मुलांना जे त्या क्षणी कळतं ते कुठल्याही आकृतीतून कळत नाही, आणि चंद्रकला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात हा गैरसमज, जो मोठ्यांमध्ये पण भरपूर आहे, तिथल्या तिथे गळून पडतो. मात्र सूर्याकडे कोणी बघणार नाही याची काळजी घ्या, चंद्र सूर्यापासून बराच लांब असेल असाच दिवस निवडा.

दुसरं, सूर्याची प्रतिमा. एक छोटा आरसा घ्या, त्यावर काळा कागद चिकटवा, कागदाला ५-६ मिलिमीटरचं भोक पाडा आणि उन्हातून तो कवडसा अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर टाका. भिंत २० मीटरवर असेल तर सूर्याची जवळपास १९ सेंटिमीटरची गोल प्रतिमा पडते. मोठा सौरडाग (सूर्यावरचा काळसर डाग) असेल तर कधीकधी तोही कळतो. प्रतिमेचा व्यास भागिले अंतर हे प्रमाण मुलांनी काढलं की सूर्याच्या १५ कोटी किलोमीटर अंतरावरून त्याचा व्यास काढता येतो, सुमारे १४ लाख किलोमीटर. आरशात कोणी डोकावणार नाही एवढं पाळा, कवडसा कोणाच्या डोळ्यावर पण जाता कामा नये.

तिसरं स्पेस स्टेशन. सूर्यास्तानंतर किंवा पहाटे नुसत्या डोळ्यांनी दिसतं, विमानासारखे लुकलुकणारे दिवे नसतात, शांतपणे सरकणारा ठळक ठिपका असतो आणि चांगला योग असेल तर सहाएक मिनिटं दिसतो. नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' ॲपवर आपल्या गावाच्या वेळा मिळतात. त्या परिपाठात सांगा, मुलं घरच्यांना बाहेर काढतात. एरिस म्हणून एक कार्यक्रम आहे, हौशी रेडिओवाल्यांचा, त्यात शाळेतली मुलं स्टेशनवरच्या अंतराळवीरांशी थेट रेडिओवर बोलतात. स्टेशन डोक्यावरून जातं तेवढा वेळ मिळतो, साधारण दहा मिनिटं. अर्ज करून बराच काळ थांबावं लागतं, पण त्या तयारीत मुलं इतकं शिकतात की विचारू नका, कारण प्रश्न थोडक्यात आणि नेमका विचारावा लागतो.

आणि स्टाफबद्दल. स्टाफ म्हणजे फक्त शिक्षक नव्हेत. वॉचमन, लॅब असिस्टंट, बसचे ड्रायव्हर यांना पण सांगा. रात्रीचा कार्यक्रम असेल तर मैदानाचे दिवे कोण बंद करणार ते त्यांच्याच हातात असतं. सूर्यग्रहणाच्या दिवशी तर सगळ्यांना सारखीच माहिती पाहिजे, नाहीतर एका वर्गातली मुलं बाहेर सुरक्षित बघतायत आणि दुसऱ्या वर्गाची दारं-खिडक्या लावून घेतलेली असं होतं. आयएसओ १२३१२-२ मानकाचे ग्रहण चष्मे, किंवा कागदाच्या भोकातून पाडलेली प्रतिमा. एक्स-रे फिल्म नाही, गॉगल नाही, काजळी धरलेली काच नाही. हे चार ओळींत लिहून आठवडाभर आधी सगळ्यांना द्यायचं.

---

आकाशवेडी_टीचर

बापरे, इतकं सगळं! मनापासून थँक्यू. चेंडूचा प्रयोग मी याच पंधरवड्यात करतेय. पण माझा अर्धा प्रश्न अजून तसाच आहे. विज्ञान, गणित, भूगोल हे तिघं तर येतीलच सोबत, बाकीच्या स्टाफचं काय करू? त्यांना दर आठवड्याला माहितीपत्रक काढावं असं मनात आहे, कोणी केलंय का?

---

शब्दांची_शाळा

ताई, मी भाषा शिकवते म्हणून त्या बाजूने सांगते. आठवड्याचं माहितीपत्रक काढू नका. आमच्याकडे वाचायला आधीच ढीगभर येतं, त्यात अजून एक कागद आला की तो चांगला असला तरी बाजूला पडतो, आणि त्यात तुमचा सगळा जीव जाईल. आम्हाला अंतराळाची बातमी नको असते, आमच्या तासाला उद्या वापरता येईल असं काहीतरी हवं असतं. ते दिलंत की बातमी आम्ही आपणहून वाचतो.

माझंच उदाहरण देते. आमच्या विज्ञानाच्या मॅडमनी एकदा मला एवढंच सांगितलं की मंगळावरच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरचं नाव सातवीतल्या एका मुलाच्या निबंधातून निवडलं, क्युरिऑसिटीचं सहावीतल्या मुलीच्या निबंधातून, आणि १९३० साली प्लूटोला नाव सुचवणारी व्हेनेशिया बर्नी फक्त ११ वर्षांची होती. बस. मी त्यावर दोन तास घेतले. एका काल्पनिक यानाला नाव द्या आणि ते का द्यावं हे पटवून सांगा. निबंध नको म्हणणारी मुलं पानं भरून लिहीत होती. आणि लिहिताना ते यान कुठे जाणार, तिथे थंडी किती, सिग्नल पोचायला वेळ किती, हे त्यांना शोधावंच लागलं, मला पण शोधावं लागलं. त्यानंतर मी स्वतः या विषयाचं वाचायला लागले.

तसंच प्रत्येकाला त्यांच्या विषयातलं एकेक द्या. पीटीच्या सरांना सांगा की अंतराळवीर स्टेशनवर रोज दोनेक तास व्यायाम करतात, नाही केला तर हाडांची घनता महिन्याला एक टक्का किंवा त्याहून जास्त कमी होऊ शकते, मुलांना व्यायाम का करायचा हे सांगायला याहून चांगलं काय पाहिजे. इतिहासवाल्यांना स्पुटनिक, ४ ऑक्टोबर १९५७, आणि १० ऑक्टोबर १९६७ ला अमलात आलेला बाह्य अंतराळ करार. या दोन तारखांवरूनच ४ ते १० ऑक्टोबर हा जागतिक अंतराळ सप्ताह ठरलाय, त्यामुळे तो आठवडा इतिहासाच्या शिक्षकांकडेच द्या ना, दरवेळी विज्ञानाकडेच कशाला? चित्रकलेच्या मॅडमना विचारा की जेम्स वेब दुर्बीण अवरक्त प्रकाशात बघते, जो आपल्याला दिसतच नाही, मग त्या फोटोंमधले रंग येतात कुठून आणि कोण ठरवतं. रसायनवाल्यांना हेलियम आठवण करून द्या, सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात १८६८ ला त्याची रेषा दिसली आणि पृथ्वीवर तो सापडला १८९५ ला.

हे सगळं ग्रुपवर एकदम टाकू नका हं. ज्याचं त्याला, समोर बसून, चहाच्या सुट्टीत सांगा.

---

नकाशे_आणि_मी

ताईंचं शंभर टक्के बरोबर. फक्त महिन्याला एक पान असावं असं मला वाटतं, आम्ही ते हजेरीच्या रजिस्टरशेजारी लावतो कारण तिथे सगळे उभे राहतातच. त्यावर तीनच गोष्टी असतात, या महिन्यात आकाशात काय दिसणार, पुस्तकातलं काय बदललं, आणि कुठली अफवा फिरतेय. मधला भाग सगळ्यात कामाचा आहे. शनीचे चंद्र किती हे घ्या, मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळून आकडा २७४ वर गेला. जुन्या पुस्तकावरून कोणी शिकवलं आणि मुलाने मोबाइलवरून वेगळं सांगितलं की शिक्षकाची पंचाईत होते. आधीच माहीत असेल तर तोच शिक्षक म्हणतो, हो रे, अजून सापडतायत, पुस्तक छापलं तेव्हा एवढेच माहीत होते.

---

एक_वाचक_पालक

मध्येच बोलतो, चालेल ना. गॅलेक्सी झू या वेबसाइटबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. २००७ ला सुरू झालं, दीर्घिकांचे फोटो बघायचे आणि त्या सर्पिल आहेत की लंबगोल ते सांगायचं, फुकट आहे, कोणीही करू शकतं. पहिल्याच वर्षी हॅनी व्हान आर्केल नावाच्या डच शाळाशिक्षिकेला त्यात एक विचित्र चमकणारा ढग दिसला, तिने विचारलं हे काय आहे, आणि तज्ज्ञांनाही ते माहीत नव्हतं! आता तो ढग तिच्या नावाने ओळखला जातो. शाळेतल्या एका टीचरने हे केलंय हे स्टाफ रूममध्ये सांगाच सांगा. माझी मुलगी आणि मी रविवारी बसतो त्यावर, तिला आता दीर्घिकांचे प्रकार माझ्यापेक्षा चांगले ओळखता येतात.

---

आकाशवेडी_टीचर

तुम्ही सगळ्यांनी माझं काम किती सोपं केलंत. आठवड्याचं पत्रक रद्द, महिन्याचं एक पान ठरलं, आणि उद्यापासून एकेका शिक्षकाला गाठते, सुरुवात पीटीच्या सरांपासून. अंतराळ सप्ताह इतिहासाच्या मॅडमना देते, त्या खूश होतील बघा.

शेवटचं एक विचारते. आमच्याकडे मोठी माणसं सुद्धा म्हणतात की स्पेस स्टेशनवर गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून ते तरंगतात. हे पटेल असं कसं दाखवायचं? समजावून सांगितलं की मान हलवतात आणि परत तेच बोलतात.

---

सावलीवाले_गणित_सर

हे दाखवायचंच असतं, सांगायचं नसतं. ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असतं, हे आधी मुलांकडून सूत्राने काढून घ्या, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ धरा. मग प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ दोन भोकं पाडा, पाणी भरा, धारा सुरू झाल्या की बाटली उंचावरून सोडून द्या. पडत असताना धारा थांबतात, कारण बाटली आणि पाणी बरोबरच पडतायत, पाणी बाटलीच्या तळाला दाबतच नाही. स्टेशन आणि आतली माणसं पण अशीच बरोबर पडतायत, फक्त आडवा वेग तासाला २८,००० किलोमीटर असल्यामुळे जमीन गाठतच नाहीत, पृथ्वीच्या भोवती पडत राहतात. फोनवर स्लो मोशन शूट करा म्हणजे मागच्या बाकावरच्यांना पण दिसेल. पहिल्या मजल्यावरून सोडलीत तर उत्तम, खाली कोणी उभं नाही ते बघा आणि बादली ठेवा. आणि बाटलीचं झाकण काढून ठेवा, झाकण घट्ट लावलेलं असलं तर धारा आधीच नीट येत नाहीत आणि प्रयोग फसल्यासारखा वाटतो.